रात्रीची जळजळ आणि झोप : औषधांच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान येणाऱ्यांपैकी बरेच जण एकच वाक्य बोलतात, "ताई, पित्ताचं काहीतरी द्या, आडवं पडलं की घशाशी येतं." मागे चार माणसं उभी असतात, त्यामुळे गोळी देऊन मोकळं व्हावं लागतं. पण या त्रासात गोळीइतकंच काम गादीच्या उताराचं आणि जेवणाच्या वेळेचं आहे, आणि ते काउंटरवर उभ्याउभ्या समजावून होत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे नीट लिहून काढली. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडेच जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

दिवसभर काही नसतं, मग आडवं पडल्यावरच का होतं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, झडपेसारखं. घास आला की ते उघडतं आणि लगेच मिटतं. हे कडं सैल पडलं, किंवा जठर तुडुंब भरून खालून दाब आला, की आतलं आम्ल वर चढतं. दिवसा ते चढलं तरी आपण उभे किंवा बसलेले असतो, त्यामुळे परत खाली उतरतं. शिवाय आपण सारखी लाळ गिळत असतो आणि लाळ आम्लाचा जोर मोडते. झोपेत लाळ फार कमी होते, गिळणंही जवळजवळ थांबतं आणि अंग सपाट पडलेलं असतं. वर आलेलं आम्ल तिथेच साचून राहतं. रात्रीची जळजळ दिवसापेक्षा जास्त पोळते ती म्हणून.

पूर कसा मोजायचा हे नाशिककरांना सांगावं लागत नाही. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं की गळ्याशी आलं, एवढं कळलं की पुढचा अंदाज येतो. इथेही तसंच आहे. कोणाला छातीच्या मध्यावर नुसतं जळतं, कोणाच्या घशाशी आंबट येतं, कोणाच्या थेट तोंडात आंबट-कडू पाणी येऊन ठसका लागतो. डॉक्टरांकडे गेलात तर "पित्त होतं" एवढ्यावर थांबू नका. कुठवर येतं आणि आठवड्यातून किती रात्री येतं, हे दोन्ही सांगा.

माझं पित्त डोक्यात चढतं, उलटी झाली की उतरतं. हे तेच का?

बहुधा नाही. आपल्याकडे "पित्त" हा एक शब्द तीन-चार दुखण्यांना लावतात. छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणं हे वर सांगितलेलं आम्लाचं प्रकरण. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते ती अ‍ॅलर्जी, तिचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. आणि डोक्याची एक बाजू ठणकणं, उजेड नकोसा होणं, उलटी झाल्यावर हलकं वाटणं, ही बऱ्याचदा अर्धशिशी असते. अशी माणसं वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खातात आणि गुण येत नाही म्हणून कंटाळतात. अर्धशिशीवर वेगळी औषधं आहेत. डोकं हेच मुख्य दुखणं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. त्या दुखण्यासाठी डॉक्टरांना वेगळं भेटा.

छातीत जळतंय ते पित्तच आहे, हार्टचं नाही, हे घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. हे मी मुद्दाम वरच्या प्रश्नांत घेतलंय.

एका पावसाळ्यात, शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, गल्लीतले एक काका ईनो मागायला आले. दहाची नोट पुढे करताना हात थरथरत होता. बाहेर गारवा होता आणि त्यांच्या शर्टाची कॉलर मात्र घामाने ओलीचिंब. "वडे खाल्ले संध्याकाळी, गॅस अडकलाय," म्हणाले. मी पुडी दिली नाही. त्यांना आत स्टुलावर बसवलं, मुलाला फोन केला आणि हॉस्पिटलात पाठवलं. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. काका आज बरे आहेत, पण ती पुडी घेऊन ते घरी जाऊन पडले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही.

छातीवर दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर थेट १०८ ला फोन. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक नुसत्या मळमळीने किंवा "गॅस झाल्यासारखं" वाटूनही येतो. अशा वेळी अ‍ॅसिडिटीचं औषध घेऊन "बघू, उतरतंय का" म्हणत थांबू नका.

कोणत्या कुशीवर झोपायचं?

डाव्या. आणि यामागे कारण आहे, नुसती समजूत नाही. जठराचा मोठा, फुगीर भाग पोटात डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या अंगाने येऊन मिळते. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल त्या फुगीर भागात साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या पातळीच्या वर राहतं. उजव्या कुशीवर झोपलं की उलटं होतं. तोंड खाली, आम्ल वर, मधलं कडं जरा सैल झालं की संपलंच. रात्रभर अन्ननलिकेतलं आम्ल मोजून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. डाव्या कुशीवर वर आलेलं आम्ल लवकर खाली उतरतं, उजव्या कुशीवर किंवा उताणं झोपल्यावर ते जास्त वेळ रेंगाळतं.

आपल्या भाषेत हे आधीपासून आहे. वामकुक्षी म्हणतो ना आपण, त्यातलं वाम म्हणजे डावं आणि कुक्षी म्हणजे कूस. आता दुपारच्या कुठल्याही झोपेला वामकुक्षी म्हणतात, पण शब्दात कूस सांगून ठेवलेली आहे. मात्र ज्याला जळजळीचा त्रास आहे त्याने ताटावरून उठून लगेच डावी कूससुद्धा धरू नये. आधी शतपावली, मग बसणं, आडवं पडणं त्यानंतर.

डाव्या कुशीवर झोपल्याने हृदयावर दाब येतो म्हणतात?

निरोगी हृदयाला याने इजा होत नाही. काहींना डाव्या कुशीवर स्वतःचे ठोके जास्त जाणवतात आणि भीती वाटते, पण ते जाणवणं म्हणजे नुकसान नाही. ज्यांचं हृदय कमजोर आहे, पंपिंग कमी आहे, त्यांना मात्र या कुशीवर अस्वस्थ वाटू शकतं. त्यांनी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. खांदा दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर खालचा हात अंगाखाली न ठेवता पुढे सोडा आणि छातीशी एक उशी कवटाळा.

झोपेत उजवीकडे वळलो तर?

वळाल. सगळेच वळतात. पाठीशी एक तक्क्या किंवा गुंडाळलेली चादर ठेवली तर वळणं कमी होतं. मध्ये जाग आली की परत डावी कूस धरायची. त्यासाठी रात्रभर जागरूक राहू नका, झोपेची काळजी करत बसलं की तीच उडते.

मी दोन-तीन उशा घेतो, तरी फरक नाही. का?

कारण उशांनी फक्त डोकं आणि मान वर जाते. छाती सपाटच राहते आणि अंग कमरेत दुमडतं. दुमडलेल्या पोटावर दाब वाढतो आणि आम्ल उलट वर ढकललं जातं, वर मान आखडते ती वेगळीच. उचलायची आहे ती डोक्यापासून कमरेपर्यंतची सगळी पाठ, एकसलग उतारात.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पलंगाचे उशाकडचे दोन पाय ६ ते ८ इंच, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, उचलणं. मी स्वतः आधी विटा लावल्या होत्या. आठवडाभर बरं चाललं, रोज सकाळी पांढऱ्या फरशीवर तांबडी भुकटी दिसायची तेवढीच. मग एका रात्री कूस बदलताना पलंगाचा एक पाय विटेवरून सरकला आणि धाडकन आवाज झाला. सासूबाई पलीकडच्या खोलीतून धावत आल्या. त्यानंतर गल्लीतल्या सुताराकडून जाड लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले आणि वरच्या बाजूला वाटीसारखी खोबण पाडून घेतली, पलंगाचा पाय त्यात बसेल अशी. खाली रबराचा तुकडा चिकटवला. तेव्हापासून पलंग हललेला नाही. विटा, पुस्तकांचे गठ्ठे, पालथे डबे यांच्या भानगडीत पडू नका.

पहिले चार-पाच दिवस सकाळी आपण पायथ्याकडे घसरलेले आढळतो. गुडघ्यांखाली पातळ उशी किंवा लोड घेतला की ते थांबतं. सुरुवातीला ४ इंचच उचला, आठवड्याने वाढवा, अंगाला सवय होते. शेजारी झोपणाऱ्या माणसाला या उताराचा त्रास बहुधा होत नाही, पण आधी विचारा, नाहीतर तीच तक्रार रोज ऐकावी लागेल.

आमचा दिवाण पेटीचा आहे, पाय नाहीत. आम्ही तर जमिनीवर झोपतो. मग?

मग उताराची गादी करून घ्या. फोमचा तिकोनी, पाचरीसारखा तुकडा तयार मिळतो किंवा गादीवाल्याकडून मापाने कापून घेता येतो. उशाकडे ६ ते ८ इंच जाडी आणि तिथून कमरेपर्यंत शून्यावर येणारा उतार, असं माप सांगा. लांबी कमी ठेवू नका. फक्त खांद्यापर्यंत पोचणारा तुकडा म्हणजे पुन्हा उशीच झाली. फोम घट्ट हवा, मऊ असेल तर महिन्यात बसतो.

जमिनीवर झोपत असाल तर गादीच्या वरच्या अर्ध्या भागाखाली प्लायवूडची फळी सरकवा आणि फळीचं उशाकडचं टोक दोन पाटांवर टेकवा. पाट सरकू नयेत म्हणून ते भिंतीला लागून असू द्या. खर्च जवळजवळ काहीच नाही.

जेवण आणि झोप यात किती वेळ हवा?

तीन तास. जेवणानंतर जठर रिकामं व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो, तेलकट-तुपकट जेवणाला त्याहून जास्त.

ऐकायला सोपं, पाळायला अवघड, हे मला चांगलं माहीत आहे. दुकान बंद करून घरी पोचायला साडेदहा होतात, मग जेवण, मग अकराला पाठ टेकायची, असं मी किती वर्षं केलं. आमच्या रस्त्यावर किराणावाले, मोबाईलवाले, शिंपी, सगळ्यांचं हेच. यावर मला एकच उपाय टिकाऊ वाटला, तो म्हणजे मुख्य जेवण संध्याकाळी सातला दुकानातच, डब्यातून. दोन पोळ्या, भाजी, थोडा वरण-भात. घरी गेल्यावर फारच वाटलं तर चार घास भात किंवा एखादी पोळी, बस. पहिले काही दिवस घरच्यांसोबत न जेवल्याची रुखरुख लागते. आम्ही ती रविवारी दुपारच्या जेवणाने भरून काढतो.

ज्यांना सात वाजता शक्यच नाही त्यांनी निदान रात्रीचं ताट हलकं करावं आणि दुपारचं जड ठेवावं. आपण बरोबर उलटं करतो. दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि रात्री घरी निवांत, पोटभर. जेवल्यावर शंभर पावलं चाला, धावू नका. लगेच वाकून भांडी घासणं, फरशी पुसणंही नको, वाकल्याने पोट दाबलं जातं. हे मी घरातल्या बाकीच्या मंडळींनाही सांगतेय, कारण जेवणानंतरची भांडी कोणाच्या वाट्याला येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मिसळ सोडायची का?

हा प्रश्न फक्त नाशिकलाच इतक्या काकुळतीने विचारला जात असेल! माझं मत सांगते. रविवारी सकाळी मखमलाबादकडे किंवा गंगापूर रोडने मळ्यातली मिसळ खायला जाता, त्यानंतर दिवसभर उभे-बसलेले असता. रात्रीपर्यंत तिचा हिशेब संपलेला असतो. तर्री बेताची घ्या, रश्श्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढणीला नाही म्हणा. माझ्या पाहण्यात रात्रीच्या झोपेचं जास्त नुकसान करतो तो साडेदहाला टीव्हीपुढे बसून खाल्लेला मसालेदार चिवडा, वर कच्चा कांदा आणि शेवटी चहा.

कोणता पदार्थ कोणाला बाधतो हे माणसागणिक वेगळं असतं. तिखट, तळलेलं, कच्चा कांदा, टोमॅटो, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळं, चहा-कॉफी, चॉकलेट, सोड्याची पेयं, हे नेहमीचे संशयित. पुदिना थंड वाटतो म्हणून लोक मुखवासात आणि गोळ्यांत खातात, पण तो ते कडं सैल करतो. रात्री पुदिना नकोच. सगळं एकदम बंद करून बेचव जेवू नका. पंधरा दिवस वहीत लिहा, रात्री काय खाल्लं, किती वाजता, जळजळ झाली का. तुमचा गुन्हेगार आपोआप सापडतो, आणि बहुतेकांचा एक-दोनच असतात.

एखादा ग्लास वाइन चालते का? आणि तंबाखू?

द्राक्षं आणि वाइन दोन्ही इथल्या मातीतलीच, त्यामुळे हा प्रश्न आता बायकाही मोकळेपणाने विचारतात. वाइन असो की आणखी काही, दारूने कडं सैल पडतं आणि झोपेत वर आलेलं आम्ल खाली ढकलण्याची शरीराची हालचालही मंदावते. झोप येते, पण मध्यरात्री जळजळीने उडते. त्रास चालू असताना रात्री नकोच.

तंबाखू, सिगारेट आणि मिश्री यांचंही तेच. निकोटिन कडं सैल करतं आणि लाळही कमी होते. रात्री मिश्री लावून झोपणाऱ्या मावश्या "त्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणतात. मी त्यांना निदान रात्रीची मिश्री सोडायला सांगते आणि पूर्ण सोडायची असेल तर मदत करते.

संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सोडतो. मग तीन तास कसे पाळायचे?

चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याच्याही पुढे. दिवसभर रिकामं पोट आणि मग एकदम वरण-भात, तूप, मोदक, तळण. नेमक्या त्याच रात्री दुसऱ्या दिवशीच्या गोळ्यांची सोय मागायला लोक येतात. उपास मोडा असं मी कोणाला म्हणत नाही, मी स्वतः करते. दिवसभरात फळं, राजगिऱ्याचा लाडू, ताक असं थोडं थोडं घ्या, म्हणजे रात्री तुटून पडायची वेळ येत नाही. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाणे जड असतात, ते दुपारीच. चंद्र पाहून नैवेद्य दाखवला की मोदक एक आणि भात थोडा, तळण दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री तासभर तरी बसून राहा आणि उताराच्या गादीवर डाव्या कुशीवर झोपा. निर्जळी उपास करत असाल आणि जळजळ नेहमीची असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मी सातपूरला तिसऱ्या पाळीत आहे. सकाळी येऊन जेवतो आणि झोपतो. माझं काय?

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून येणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. तुमची रात्र सकाळी आठला सुरू होते, म्हणून नियम घड्याळाला न लावता झोपेला लावा. कंपनीच्या कँटीनमध्ये पहाटे चार-पाचच्या सुमारास पोटभर खा. घरी आल्यावर भरलेलं ताट नको. एखादं केळं किंवा थोडा उपमा पुरे. पाळीत जागं राहायला घेतलेला चहाही शेवटच्या तीन-चार तासांत बंद. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, गोळीची वेळ त्याप्रमाणे बदलावी लागते.

थंड दूध, ईनो, आमसूल, जिरं, यातलं काय खरं?

थंड दुधाने पाच-दहा मिनिटं गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी जठर पुन्हा आम्ल सोडतं. झोपताना पेलाभर दूध म्हणजे पोट भरून झोपणं. दोन घोट घेतले तर हरकत नाही.

ईनो आणि खाण्याचा सोडा आम्ल मारतात, हे खरं. त्यातून वायू तयार होतो आणि ढेकर येतो. ढेकराबरोबर आम्लही वर येऊ शकतं. दोन्हींत सोडियम भरपूर, त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर नको.

आमसुलाचं सार आणि सोलकढी मला फार आवडतात, पण ती आंबट आहेत. दुपारी प्या, रात्री नको. धने-जिऱ्याचं पाणी, बडीशेप, मोरावळा यांनी बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. ज्येष्ठमध मात्र रोज, महिनोन्‌महिने नको. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेते, तरी रात्री त्रास आहे. झोपताना अजून एक घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. ही गोळी कशी काम करते ते आधी बघा. जठरात आम्ल तयार करणारे सूक्ष्म पंप असतात आणि जेवण आलं की ते चालू होतात. गोळी चालू पंपांनाच कुलूप लावते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, म्हणजे पंप सुरू होताना ती रक्तात हजर असते. जेवून, दात घासून, आडवं पडताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. सकाळी गोळी घेऊन लगेच चहा-बिस्किटं किंवा गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच नाही, या दोन्ही चुका मी रोज ऐकते. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर डॉक्टर हीच गोळी रात्रीच्या जेवणाआधी देतात किंवा काही दिवस दोन वेळा देतात. ती चावू नका, कुटू नका. वरचं आवरण तिला आम्लापासून वाचवतं.

दोन आठवडे गोळी घेऊनही गरज संपत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, ते तपासायला हवं. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून वाढतं आणि लोकांना वाटतं गोळीशिवाय जगताच येणार नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असते. डॉम्पेरिडोन जोडलेली गोळी हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि जुनी रॅनिटिडीन अजूनही काही आजोबा मागतात. तिच्यातल्या एनडीएमए नावाच्या घातक अशुद्धीमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने ती २०२० मध्ये बाजारातून काढायला लावली आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती २०२२ मध्ये वगळली गेली. त्याच गटातली फॅमोटिडीन डॉक्टर देतात.

तुमच्या बाकीच्या गोळ्यांची यादीही दाखवा. सांधेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जठर आणि अन्ननलिकेला त्रास देतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, अ‍ॅम्लोडिपीनसारख्या, कडं सैल पडू शकतं. या मनाने बंद करायच्या नाहीत, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायच्या.

रात्री दोनला जळजळीने जाग आली. त्या क्षणी काय करू?

उठून बसा. पडल्यापडल्या "जाईल आपोआप" म्हणत कूस बदलत राहिलात तर आम्ल तिथेच राहतं. दोन-तीन घोट साधं पाणी प्या, पेलाभर नको. परकराची, सलवारीची किंवा लेंग्याची नाडी सैल करा. हा इतका साधा उपाय आहे, पण कमरेला करकचून बांधलेली नाडी पोटावर रात्रभर दाब ठेवते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. पातळ अँटासिड घरात असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने घ्या. अल्जिनेट असलेलं औषध जठरातल्या द्रवावर तरंगता थर तयार करतं, रात्रीसाठी ते चांगलं. अर्धा तास खुर्चीत टेकून बसा, मग डावी कूस.

तोंडात आंबट पाणी आलं असेल तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं आवरण घासलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरा.

जळजळ नाही, पण सकाळी आवाज बसलेला आणि कोरडा खोकला. हे पित्ताचं असू शकतं?

असू शकतं. आम्लाचे शिंतोडे घशापर्यंत गेले की आवाज घोगरा होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, दम्याचा त्रासही वाढतो. पण खोकल्याची कारणं अनेक आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी छाती तपासा, टीबीची तपासणीही करून घ्या. घोरणं मोठं असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा, त्या आजाराची आणि रात्रीच्या आम्लाची जोडी पुष्कळदा सापडते.

सातवा महिना चालू आहे, रात्रभर बसून काढते.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे कडं सैल पडतं आणि वाढत्या गर्भामुळे जठरावर दाब येतो. बाळंतपणानंतर हा त्रास बहुतेकींचा जातो. डावी कूस तुम्हालाही चांगली. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. सोडा आणि ईनो नको. गोळी तुमच्या डॉक्टरांनी दिलेलीच. जळजळ वरच्या पोटात उजवीकडे दुखण्यासारखी असेल, सोबत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तदाब लगेच तपासला पाहिजे.

तान्ह्या बाळालाही डाव्या कुशीवर, उताराला झोपवायचं का?

नाही! वरचं काहीही तान्ह्या बाळाला लावू नका. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. उशी, उताराची गादी, पाचर यांनी श्वास कोंडण्याचा धोका असतो. दूध पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा. थोडं दूध ओघळणं नेहमीचं आहे. वजन वाढत नसेल, उलटी हिरवट किंवा रक्ताची असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञ.

एंडोस्कोपी कधी करावी लागते?

गिळताना घास अडकणं किंवा दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी झालेलं आढळणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. याशिवाय आठवड्यातून दोन किंवा जास्त रात्री त्रास आणि औषधाने फरक नाही, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांनी पोटाच्या डॉक्टरांना भेटावं. नळी घालायच्या भीतीने लोक वर्षं काढतात. तपासणी काही मिनिटांची असते, घसा बधिर करतात, हवं तर गुंगीचं औषध देतात.

ताई, तुम्ही स्वतः कशा झोपता?

सातला डबा. आठनंतर चहा नाही. घरी आल्यावर अंगणात दहा मिनिटं फेऱ्या, सासूबाईही बरोबर असतात. मग पलंगावर टेकून दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरची यादी लिहिते. साधारण अकराला पाठीशी तक्क्या लावून डावी कूस. वजन पाच किलो उतरवलं तेव्हा खरा फरक पडला, पोटाचा घेर कमी झाला की दाब कमी होतो. गोळी आता क्वचित लागते, लग्नसराईत वगैरे. सुताराचे ते दोन ठोकळे पलंगाखाली तसेच आहेत. मध्यंतरी घराला रंग दिला तेव्हा ते काढले होते आणि चौथ्या रात्री मी दोन वाजता खुर्चीत बसलेली होते.